स्वमग्न मुलाशी मराठीतच बोला

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला आयटीच्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. अशा एखाद्या घरात मूल दोन-अडीच वर्षांचं होतं, पण बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. मग तपासण्या सुरू होतात. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान होतं आणि त्यापाठोपाठ एक सल्ला येतो: आता घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांचा भार त्याला झेपणार नाही. सल्ला देणारे कधी शिक्षक असतात, कधी थेरपिस्ट, तर कधी आपलेच नातेवाईक. आईबाबा तो निमूटपणे पाळतात. मुलाच्या भल्यासाठी भाषा सोडायची, एवढंच त्यांना दिसत असतं.

या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. माँट्रियल शहरात घराघरांत दोन भाषा नांदतात, त्यामुळे हा प्रश्न तपासायला ते योग्य ठिकाण. तिथे हॅम्बली आणि फोम्बोन यांनी ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास केला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध केला. घरी दोन भाषा ऐकणारी मुलं एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा बोलण्यात मागे नव्हती. त्याच शहरातल्या गोन्झालेझ-बारेरो आणि नाडिग यांनी पुढे आणखी एक गोष्ट पाहिली. चित्रं आधी रंगानुसार लावायची आणि मग अचानक आकारानुसार, असा तो खेळ. नियम बदलला की स्वमग्न मुलं अनेकदा अडकतात. पण दोन भाषा येणारी स्वमग्न मुलं त्यात कमी अडखळली. गट लहान होते, त्यामुळे यातून मोठा दावा करू नये. दुसऱ्या भाषेने नुकसान होतं, ही भीती मात्र अशा अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

कारण समजण्यासारखं आहे. मूल भाषा शिकतं ते देवाणघेवाणीतून. आपण एखाद्या वस्तूकडे बोट दाखवतो, ते तिकडे बघतं; ते काही हातवारा करतं, आपण त्याला शब्द देतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत नेमका हाच धागा नाजूक असतो, म्हणून तो जास्त सहज, जास्त वेळा आणि जिव्हाळ्याने विणावा लागतो. ऑफिसात सफाईदार इंग्रजी बोलणारी आईसुद्धा बाळाला झोपवताना, लाडीगोडी लावताना, रागावताना मराठीतच मोकळी होते. ती भाषा काढून घेतली की उरतात त्या सूचना: बस, खा, हे घाल. जेवताना मोठी माणसं एकमेकांत मराठीतच बोलतात, तेव्हा ते मूल त्याच टेबलावर बसून बाहेर राहतं. आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली आजी? तिच्याशी त्याने कोणत्या भाषेत जवळीक करायची?

आयांना दोषी धरण्याची ही पहिली वेळ नाही. ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं होतं. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर यांनी ब्रिटनमधल्या २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलं स्वमग्न होती, १० भिन्न जोड्यांत एकातही नाही. स्वमग्नतेमागे आनुवंशिकता आहे, हे तिथून स्पष्ट होत गेलं. तोवर कितीएक आयांनी तो ठपका सोसला होता. आज त्यांच्या बोलीवर ठपका येतो, तेव्हा मला ते दिवस आठवतात.

अमेरिकेतला विशेष शिक्षणाचा कायदा पालकांच्या बाजूचा आहे. मुलाचं मूल्यमापन त्याच्या घरच्या भाषेचा विचार करून व्हावं, असं तो सांगतो. म्हणून शाळेच्या बैठकीत मुलाचे मराठी शब्दही मोजायला सांगावेत. 'पाणी' म्हणणारं मूल 'वॉटर' म्हणत नसेल, तरी त्याच्याकडे तो शब्द आहे. जी मुलं तोंडाने बोलत नाहीत, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं अ‍ॅप मराठीतही आहे. त्याने बोलणं मागे पडेल, अशी शंका पालकांना येते. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

भाषेइतकाच पालकांनी शाळेनंतरचा विचारही आधीच करायला हवा. व्हर्जिनियात शाळेचा आधार साधारण बावीस वर्षांपर्यंत मिळतो. पुढे बस येत नाही, थेरपी आपोआप मिळत नाही. रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातल्या पॉल वेमन यांच्या गटाने या वळणावरच प्रयोग केला. १८ ते २१ वयाच्या स्वमग्न तरुणांना नऊ महिने रुग्णालयात प्रत्यक्ष काम दिलं, सोबत प्रशिक्षक आणि आखीव वेळापत्रक. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत २४ पैकी २१ जणांना नोकरी लागलेली होती. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या १६ जणांपैकी फक्त एकाला. मुलं तशीच होती, भोवतालची मदत बदलली होती.

अशी मदत सगळ्यांना वेळेवर मिळत नाही. अपंगांना घरी राहून मदत मिळावी म्हणून व्हर्जिनियात मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याच्या 'वेव्हर' योजना आहेत, पण त्यांची प्रतीक्षायादी लांब आहे आणि निकड जास्त असलेल्यांना आधी घेतलं जातं. मुलगा सातवीत असो की बारावीत, नाव आत्ताच नोंदवावं आणि घरची परिस्थिती बदलली की ती कळवत राहावी.