आधी आवाज फुटला पाहिजे

२०२५ च्या महिला दिनाला राज्यभर स्वसंरक्षणाच्या शिबिरांची रांग लागली. त्यामागे पुण्यातल्या स्वारगेटचे बलात्कार प्रकरण होते, हे कुणाला सांगायला नको. शाळांच्या मैदानांवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर, कंपन्यांच्या सभागृहांत मुली-बायका लाथा मारायला, मनगट सोडवून घ्यायला शिकल्या. उत्साह खरा होता. पण तासाभराच्या अशा शिबिरात जे शिकवतात, ते बहुतेक वेळा अंधाऱ्या गल्लीत मागून झडप घालणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते. २५ फेब्रुवारीच्या पहाटे स्वारगेटच्या एसटी स्थानकात तसे घडले नव्हते. बातम्यांत आले त्याप्रमाणे आरोपीने आधी ‘ताई’ म्हणून विचारपूस केली आणि गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगितले. हल्ल्याची सुरुवात मदतीच्या बोलण्यातून झाली, आणि त्या बोलण्यावर लाथेचा उपाय चालत नाही.

त्यानंतर जो प्रश्न जबाबदार पदांवरच्या माणसांनीही विचारला, त्याचा मला राग आहे. तिने आरडाओरडा का केला नाही? याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडितांसाठी असलेल्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांचे शरीर हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजले होते. ४८ टक्के स्त्रियांच्या बाबतीत हे थिजणे अतितीव्र होते. हात हलत नाही, घशातून आवाज निघत नाही. हा भित्रेपणा नव्हे आणि संमती तर नव्हेच. टोकाच्या भीतीत शरीर आपोआप असे वागते, मनाला विचारून नाही.

आपल्या राज्याने या अज्ञानाची किंमत आधीच मोजली आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या बलात्कार प्रकरणात, अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, या मुद्द्याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांच्याबरोबर वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही नावे त्यावर होती. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज तर कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. तरी प्रश्न तोच विचारला जातो.

मग प्रशिक्षणाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. त्यासाठी कॅनडातल्या चार्लीन सेन यांचे काम पाहावे लागेल. विंडसर विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक कार्यक्रम तयार केला. तीन-तीन तासांची चार सत्रे, एकूण बारा तास. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी त्यांच्या चाचणीत होत्या. निम्म्यांना हे प्रशिक्षण मिळाले, उरलेल्यांना माहितीपत्रके. वर्षभरात माहितीपत्रके मिळालेल्या गटातल्या ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, प्रशिक्षण मिळालेल्या गटात ५.२ टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाण ९.३ वरून ३.४ टक्क्यांवर आले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

त्या बारा तासांत मारामारी शिकवतात, पण ती तिसऱ्या सत्रात. पहिले सत्र धोका ओळखण्याचे, तेही ओळखीच्या माणसाकडून येणारा. दुसरे सत्र मला सगळ्यात मोलाचे वाटते. धोका दिसत असूनही तो मान्य करायला मन का तयार होत नाही, यावर ते आहे. ‘सरांना काय वाटेल’, ‘एवढी मदत केली त्यांनी, नाही कसे म्हणू’, ‘माझाच गैरसमज असेल’ हे आपल्या घराघरांतल्या मुलींना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मोठ्यांना उलटून बोलू नये, चारचौघांत आवाज चढवू नये, हे आपण त्यांना लहानपणापासून शिकवतो आणि मग संकटात त्यांनी किंचाळावे अशी अपेक्षा ठेवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या ९५ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला काका किंवा शिकवणीचे सर यांना ‘हात काढा’ असे मोठ्याने म्हणायची सवय ज्या शिबिरात लावत नाहीत, ते शिबिर अर्धेच आहे.

सवय हाच शब्द महत्त्वाचा. आवाजही तालमीने येतो. घरी, दार लावून, बहिणीला किंवा मैत्रिणीला समोर उभे करून ‘मागे व्हा!’ हे पोटातून ओरडून पाहा. पहिल्यांदा बहुतेकींचा आवाज घशातच अडकतो. दहाव्या वेळी मोकळा होतो. नुसते ‘वाचवा’ ओरडण्यापेक्षा ‘मी याला ओळखत नाही’ हे आधी ओरडावे, कारण रस्त्यावर पुरुष बाईला ओढताना दिसला की लोक नवरा-बायकोचे भांडण समजून मान फिरवतात. घोळक्याला उद्देशून हाक मारू नये, एकाला निवडावे: ‘निळ्या शर्टवाले काका, इकडे या, ११२ लावा!’ सगळ्यांना मारलेली हाक कुणाचीच नसते.

अंगावर प्रसंग आलाच तर हालचाल मोठी आणि सोपी हवी. भीतीने बोटांचे कसब जाते. कराटेतला नाजूक डाव आठवत नाही, फोन उघडून ॲप शोधता येत नाही. मुठीपेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा भाग नाकावर, जवळ असेल तर कोपर, गुडघा जांघेत, टाच नडगीवर. मनगट धरले तर समोरच्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका द्यावा, पकड तिथेच कच्ची असते. आणि सुटताच पळावे. सोनसाखळी किंवा मोबाइल मागणाऱ्याशी झुंजू नये. वस्तू एका बाजूला भिरकावून दुसऱ्या बाजूला पळावे, हे पुरुषांनाही लागू.

फोनचे काम आजच करून ठेवा. १ जानेवारी २०१७ पासून नव्या फोनमध्ये ११२ ला फोन लावणारे पॅनिक बटण सक्तीचे आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण भराभर तीनदा दाबायचे. काही फोनवर पाचदा लागते, ते सेटिंगमध्ये पाहावे.

‘मी मारले तर माझ्यावरच केस होईल’ ही भीती मात्र काढून टाकावी. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, पहिला वार होईपर्यंत थांबावे लागत नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ संरक्षण देते. धोका टळल्यावर, तो पळत असताना पाठलाग करून मारणे मात्र या हक्कात बसत नाही.

सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतून ‘रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ तीन महिने चालते. सेन यांच्या बारा तासांपेक्षा हा वेळ कितीतरी जास्त आहे, पैसेही मंजूर असतात. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढे विचारा, की या तीन महिन्यांत किती तास ओळखीच्या माणसाला नकार देण्याच्या सरावाला दिले, आणि त्याच काळात मुलांच्या वर्गात काय शिकवले.