पाडून बघायची मजा

डेडलाइन, टार्गेट आणि अप्रेझलच्या धबडग्यात आपल्यातले कितीतरी जण रात्री गुपचूप फळं रचतायत, दोऱ्या कापतायत आणि पूल पाडतायत. फिजिक्सवर चालणाऱ्या पझल गेम्सचा हा नाद नक्की लागतो कशामुळे?

रात्रीचे पावणेबारा. माझा एक लेख चौथ्यांदा परत आलेला. सोबत एका ओळीची मेल, 'छान आहे, पण काहीतरी मिसिंग वाटतंय.' काहीतरी म्हणजे काय? सुरुवात? शेवट? की मला लिहिताच येत नाही? तुमच्या इनबॉक्समध्येही अशी एखादी मेल असेलच. 'प्लीज री-वर्क', 'लेट्स डिस्कस', नाहीतर बॉसचं ते नुसतंच 'हम्म'.

लॅपटॉप बंद केला आणि मोबाइलवर फळं रचायचा गेम उघडला. वरून एक द्राक्ष सोडलं. ते सफरचंदावर आपटलं, घरंगळलं आणि नको त्या कोपऱ्यात जाऊन बसलं. चूक माझीच. थोडं डावीकडून सोडायला हवं होतं. पण बघा ना, चूक कळली, कारण कळलं, आणि सीसीमध्ये कुणीही नव्हतं! दहा मिनिटांत खांदे सैल झाले.

बारावीचं फिजिक्स नव्हे!

नावात फिजिक्स आहे म्हणून पोटात गोळा येऊ देऊ नका. इथं न्यूमेरिकल्स नाहीत. फिजिक्स पझल म्हणजे असा गेम, ज्यात वस्तू खऱ्या जगातल्यासारख्या वागतात. सोडलं की पडतं, उतारावर घरंगळतं, जास्त वजन आलं की वाकतं. तुम्ही फक्त आधी काय ठेवायचं आणि काय कापायचं ते ठरवायचं. पुढचं गुरुत्वाकर्षण बघून घेतं.

हा प्रकार तसा जुना. १९९३ मध्ये 'द इन्क्रेडिबल मशीन' आला. त्यात दोऱ्या, कप्प्या, चेंडू आणि चक्क पळणारा उंदीर जोडून एखादं सोपं काम जास्तीत जास्त अवघड पद्धतीनं करायचं असायचं. २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' आला आणि या गेम्सना खरा चेहरा मिळाला. चिकट, काळे, डोळे मिचकावणारे गोळे एकमेकांना जोडत जायचं, मनोरा उभा करायचा आणि उरलेले गोळे वरच्या पाइपापर्यंत पोचवायचे. गोळे जास्त वापरले तर पाइपात पाठवायला उरत नाहीत. कमी वापरले तर मनोरा डुलायला लागतो. महिनाअखेरीचं बजेट म्हणा ना!

मला जास्त आवडते ती यामागची स्टोरी. काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल हे दोघं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीतली नोकरी सोडून बाहेर पडले. ऑफिस नव्हतंच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॉफी शॉप्समध्ये बसून त्यांनी हा गेम उभा केला. २०२४ मध्ये त्याचा दुसरा भागही आला.

मग रांगच लागली. २००९ मध्ये फिनलंडच्या पेट्री पुर्होचा 'क्रेयॉन फिजिक्स डिलक्स' आला. त्यात तुम्ही खडूनं काढलेलं चित्र खरंखुरं वजन घेऊन खाली पडतं. त्याच वर्षाच्या शेवटी फिनलंडमधूनच 'अँग्री बर्ड्स' उडाले. २०१० मध्ये रशियन 'कट द रोप' आला आणि त्यातल्या हिरव्या ओम नॉमला गोळी भरवण्यात लोकलमधले कितीतरी प्रवासी गुंगून गेले. २०२३ मध्ये जपानच्या 'सुइका गेम'नं जगाला वेड लावलं. सुइका म्हणजे कलिंगड. एकसारखी दोन फळं एकमेकांना टेकली की त्यांचं एक मोठं फळ होतं. चेरीपासून कलिंगडापर्यंत अकरा पायऱ्या. बस्स, एवढंच!

आतला फंडा

हे सगळं चालतं कसं? गेमच्या पोटात एक 'फिजिक्स इंजिन' असतं. ते सेकंदाला साधारण साठ वेळा एकच हिशेब करतं. प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षण किती ओढतंय, कोण कुणाला धडकलं, घर्षण किती, आता ती कुठं सरकणार? साठ वेळा उत्तर काढून साठ चित्रं दाखवली की आपल्या डोळ्यांना द्राक्ष घरंगळताना दिसतं. गेम बनवणाऱ्यानं 'इथून सोडलं तर तिथं जाईल' असं आधी ठरवून ठेवलेलं नसतं. म्हणूनच कधीकधी तुम्हाला असा जुगाड सापडतो, जो त्यालाही सुचलेला नसतो.

यातलं एक गाजलेलं इंजिन म्हणजे 'बॉक्स टू-डी'. एरिन कॅटो या प्रोग्रामरनं ते लिहिलं आणि कुणालाही वापरता येईल असं फुकट खुलं केलं. 'क्रेयॉन फिजिक्स' त्यावर चालतो, 'अँग्री बर्ड्स'ही. २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये 'अँग्री बर्ड्स'वाल्यांचं सेशन सुरू होतं. श्रोत्यांतून एकानं उठून विचारलं, तुम्ही कुठलं फिजिक्स इंजिन वापरता? उत्तर आलं, बॉक्स टू-डी. मग त्याला क्रेडिट द्याल का? विचारणारे गृहस्थ होते खुद्द एरिन कॅटो! आपल्या प्रेझेंटेशनवर दुसऱ्याचं नाव बघितलेल्या तमाम मंडळींनी इथं टाळ्या वाजवायला हरकत नाही.

डोकं शांत का होतं?

पहिलं कारण म्हणजे नियम शिकावे लागत नाहीत. ते आपण पाळण्यातच शिकलेलो असतो. मानसशास्त्रज्ञांनी जेमतेम चार-पाच महिन्यांच्या बाळांसमोर आधाराशिवाय अधांतरी राहिलेलं खोकं ठेवून बघितलं. बाळं त्याच्याकडे जास्त वेळ टक लावून बघत राहिली. 'हे पडायला पाहिजे होतं' हे त्यांनाही कळत होतं. दिवसभर नवं सॉफ्टवेअर, नवी पॉलिसी, नवा मॅनेजर समजून घेऊन थकलेल्या डोक्याला आधीच माहीत असलेल्या जगात परत जायला बरं वाटणारच.

दुसरं कारण म्हणजे 'फ्लो'. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं १९९० मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. काय करायचंय ते स्पष्ट असेल, केलेल्याचा परिणाम लगेच दिसत असेल आणि काम फार सोपंही नाही, फार कठीणही नाही असं असेल, तर माणूस त्यात बुडून जातो, घड्याळ विसरतो. आता हेच तीन निकष तुमच्या मंडे मॉर्निंग मीटिंगला लावून बघा. हसू नका!

तिसरं कारण मला माझ्या बाबांनी सांगितलं.

बाबा आणि त्रिकोण

बाबा सिव्हिल इंजिनीअर. सगळी नोकरी पुलांच्या आणि मोऱ्यांच्या साइटवर गेली, आता रिटायर्ड. मोबाइल, गेम वगैरे म्हणजे डोळ्यांचं वाटोळं, हे त्यांचं ठाम मत. रिटायर झाल्यापासून ते जरा गप्पच झालेत. पेपर, चहा, टीव्ही, झोप. एका रविवारी मी लॅपटॉपवर 'पॉली ब्रिज' खेळत होते. २०१६ चा गेम. ठरलेल्या बजेटमध्ये लाकूड, लोखंड, दोर वापरून पूल बांधायचा आणि त्यावरून गाडी पार करायची. माझा पूल तिसऱ्यांदा गाडीसकट पाण्यात गेला, तेव्हा मागून आवाज आला.

''अगं, चौकोन कशाला करतेस? त्रिकोण कर.''

चौकोन एका कोपऱ्यातून ढकलला की कलंडतो. त्रिकोण तसा कलंडत नाही. त्याची एखादी बाजू वाकल्याशिवाय किंवा तुटल्याशिवाय आकारच बदलत नाही. म्हणून रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांवर इतके तिरके खांब दिसतात. हे सगळं बाबा सांगत होते आणि मी त्रिकोण जोडत होते. गाडी पार झाली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माऊस हातात घेतला. पुढचे दोन तास मला लॅपटॉप मिळाला नाही.

गंमत म्हणजे पूल नीट उभा राहिल्यावर बाबांनी त्यातला एक तुकडा मुद्दाम काढला. गाडी सोडली. ताण वाढला तसे बाकीचे तुकडे हिरव्याचे लाल झाले, एक तुटला, मग सगळंच खाली. बाबा खुदकन हसले. दुसरा तुकडा काढून बघितला. मग तिसरा.

''असं का करताय?'' मी विचारलं.

''साइटवर हे कधी करता आलं नाही गं,'' ते म्हणाले. ''तिथं सगळी नोकरी पडू नये म्हणूनच गेली. पावसाळ्यात रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. इथं पडतं कसं ते निवांत बघता येतं.''

त्या फोनबद्दल ते आमच्याशी याआधी कधी बोलले नव्हते.

तर हे तिसरं कारण. या गेम्समध्ये जिंकण्यापेक्षा पडण्यात जास्त मजा असते. पत्त्यांचा बंगला कोसळताना लहानपणी आपण ओरडायचो, ते रडून नाही, खुशीत. पडलं तर नुकसान नाही, आणि का पडलं ते समोर दिसतं. ऑफिसात बरोबर उलट असतं. नुकसान पक्कं आणि कारण गुलदस्त्यात.

पण एक मिनिट...

आता कबुलीजबाब. त्या चौथ्या मेलनंतर मी लेखाला हात लावला नाही. रोज रात्री 'एकच राउंड' म्हणून फळं रचायला बसायचे आणि अडीच वाजायचे. सहा दिवस. सातव्या दिवशी मेल आली, लेख दुसऱ्या कुणाकडून करून घेतोय. पैसे गेले, त्याहून जास्त लाज वाटली.

शेवटी फोन केला आणि विचारलं, नक्की काय मिसिंग होतं? पाच मिनिटांत उत्तर मिळालं. लेखात माहिती भरपूर होती, माणूस एकही नव्हता. हे मी पहिल्याच मेलला विचारू शकले असते. गेम कारण न विचारता सांगतो. माणसांना विचारावं लागतं, आणि तेच मी टाळत होते. गेम रिलॅक्स करत होता हे खरं, पण मी त्याच्या आड लपले होते हेही तितकंच खरं.

त्यामुळे आता माझे तीन साधे नियम आहेत. एक, गादीवर पडून खेळायचं नाही. दोन, हायस्कोअरच्या मागे लागायचं नाही. स्कोअर आला की टार्गेट आलं, आणि टार्गेट तर दिवसभर असतंच. तीन, पडण्याचे पैसे मागणारा गेम नको. 'कँडी क्रश'सारख्या गेममध्ये लाइफ संपल्या की एकेका लाइफसाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. तिथं हरण्याचं पुन्हा टेन्शनच!

सुरुवात कुठून कराल?

दहा मिनिटंच असतील तर: 'कट द रोप'. लेव्हल छोट्या, ओम नॉम गोड.

डोकं अगदीच चालत नसेल तर: 'सुइका गेम'. टायमर नाही, घाई नाही.

शनिवार दुपार मोकळी असेल तर: 'वर्ल्ड ऑफ गू'. यातले छोटे पांढरे किडे टिचकीसरशी तुमची शेवटची चाल मागे घेतात. असा एक किडा आपल्या ऑफिस मेललाही हवा होता!

चित्रं काढायची हौस असेल तर: 'क्रेयॉन फिजिक्स डिलक्स'. चित्रकला कच्ची असली तरी चालेल.

घरात रिटायर्ड इंजिनीअर असेल तर: 'पॉली ब्रिज'. पण मग लॅपटॉप परत मिळेल याची गॅरंटी नाही.

आमच्याकडे आता रविवारी चहानंतर पुलांचा कार्यक्रम असतो. परवा बाबांचा एक झुलता पूल ट्रकच्या वजनानं मधोमध तुटला. मी म्हटलं, ''बाबा, बजेट संपलंय.'' ते चष्मा पुसत म्हणाले, ''संपू दे. आधी कुठून तुटला ते बघू.''