मामा, ही मी नाही!

गेल्या दिवाळीनंतर भाचीचा बायोडाटा तयार करायला घेतला. वधू-वर मेळाव्यासाठी इथे इंदूरमध्येच एका स्टुडिओत फोटो काढला. हातात आला तेव्हा तिचा सावळा रंग चांगलाच उजळलेला होता आणि गालावरचा तीळ गायब! ताईला फोटो फार आवडला. भाची मात्र एवढंच म्हणाली, "मामा, ही मी नाही. उद्या मंडळी घरी आली की काय सांगायचं?"

तुम्ही तरुण मंडळी तर दिवसभर असेच फोटो बघता. मग 'हा फोटो सुधारलेला आहे' असं लिहिण्याची कायद्याने सक्ती असावी का?

काही देशांनी ती केली आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड करून दाखवला, तर तशी सूचना द्यावी लागते. नाहीतर ३७,५०० युरोपर्यंत दंड. नॉर्वेत जुलै २०२२ पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातीवर सरकारने ठरवलेलं चिन्ह लागतं. पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सरही त्यात आले.

मला हे पटतं. जिथे चेहरा दाखवून माल विकला जातो, तिथे गिऱ्हाइकाला खरं कळलंच पाहिजे. आपल्याकडेही असा नियम हवा. पण घरगुती फोटोंच्या मागे कायदा लावू नये. सहलीच्या फोटोत आकाश थोडं निळं केलं म्हणून कोणाचं काय बिघडतं?

मात्र नुसत्या चिट्ठीने सगळं साधत नाही. सूचना वाचूनही बघणारा स्वतःची तुलना करतच राहतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये बदललं. आपली गोरेपणाची हौस कुठे गेली? भाचीचा रंग उजळणाऱ्या स्टुडिओवाल्याला कोणी तसं सांगितलंही नव्हतं. मुलीचा फोटो म्हणजे गोराच हवा, हे त्याने गृहीत धरलं. ते त्याला शिकवलं आपणच. तिथे कोणता कायदा पोचणार?

मेळाव्यात आम्ही तिळासकट मूळ फोटोच दिला. ताई अजून थोडी रुसलेली आहे. भाची खूश आहे.

तुमच्या घरी कोणता फोटो दिला असता? जरूर कळवा.