स्वस्त रायफल : पैसे कुठे घालावेत?

अमेरिकेत शिकारीच्या मोसमाआधी दुकानात स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल मागितली, तर जी नावं पुढे येतात त्यांत सॅव्हेज कंपनीची ‘अ‍ॅक्सिस’ हमखास असते. २०१० साली ती ‘एज’ या नावाने आली. काटकसर दिसते ती दस्त्यात: पोकळ, लवचीक प्लास्टिक. नळीची गोष्ट वेगळी. सॅव्हेजने १९५८च्या ‘मॉडेल ११०’मध्ये नळी बसवायला स्वतंत्र नट वापरला. काडतूस बसण्याचं अंतर मापकाने जुळवायचं आणि नट आवळायचा. प्रत्येक नळीमागचं बारीक कातकाम वाचतं. खर्च उतरला, अचूकता राहिली, आणि हे मला त्या रचनेचं खरं मोठेपण वाटतं. अ‍ॅक्सिसलाही तोच नट आहे.

म्हणून सुधारणा करताना नळीला हात लावू नये. आधी दस्ता पाहावा. टेकूवर भार दिला की दस्त्याचा पुढचा भाग वाकून नळीला टेकू शकतो आणि नेम सरकतो. ताठ दस्त्याने हा दोष जातो. सुरुवातीच्या रायफलींचा चाप जड होता, पुढे ‘अ‍ॅक्सिस २’मध्ये जुळवता येणारा ‘अ‍ॅक्युट्रिगर’ आला. चाप हलका करायला घरी कानस मुळीच चालवू नये. धक्क्यानेही गोळी सुटू शकते. ते काम जाणत्या कारागिराचंच.

दस्ता, चाप, नळी असं सगळंच बदलायचं असेल, तर तेवढ्या पैशांत वरच्या दर्जाची रायफल येते. शिवाय विकताना सुधारणांचे पैसे क्वचितच वसूल होतात.