नळीत चिकटलेले शिसे

गळाला आणि जाळ्याला लावायची शिशाची वजने पुष्कळ ठिकाणी घरच्या घरी ओततात. लोखंडी पळीत शिसे वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. पळी उपडी केली की शिसे सुटून येते, लोखंडाला धरून बसत नाही. कारण शिसे आणि लोखंड एकमेकांत जवळजवळ विरघळतच नाहीत. दोन्ही वितळवून एकत्र केले तरी तेल-पाण्यासारखे दोन थर होतात. तांब्याच्या भांड्याला कल्हई बसते ती तांबे आणि कथील यांची सीमेवर संयुगे बनतात म्हणून. शिसे-लोखंडाचे असे काही जमत नाही.

मग रिव्हॉल्व्हरच्या पोलादी नळीत शिसे असे का बसते, की ते काढायला लोक नाना उपाय करतात?

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आणि त्याच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अक्षरे असतात. वाकडसमोर मुळेच्या पलीकडे बालेवाडीचे क्रीडा संकुल आहे. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले आणि तिथे नेमबाजीचा सराव चालतो. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक. या दोन्ही प्रकारांत 'पॉइंट टू-टू' म्हणजे ५.६ मिलिमीटरची शिशाची गोळी वापरतात. एनसीसीच्या सरावातली रायफलही याच मापाची. त्यामुळे आपल्यापैकी जे शिक्षक एनसीसीचे अधिकारी आहेत, त्यांच्या हाताखाली मुलेही हे काम करतात.

'गोळी नळीत वितळते आणि चिकटते' असे सर्रास सांगितले जाते. आपण हिशेब करून पाहू. गोळीचे वस्तुमान सुमारे २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. यावरून गतिज ऊर्जा येते सुमारे १४० ज्यूल. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ३० अंशांपासून तिथपर्यंत तापवायला ग्रॅममागे सुमारे ३८ ज्यूल, वितळवायला आणखी २३ ज्यूल. २.६ ग्रॅमला झाले सुमारे १६० ज्यूल. म्हणजे गोळीची सगळी गतिज ऊर्जा उष्णता होऊन तिच्यातच राहिली, तरी ती पूर्ण वितळणार नाही! दहावी-अकरावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे.

खरी गोष्ट घडते ती पृष्ठभागावर. पॉइंट टू-टू काडतुसात वायूचा दाब दीड हजार वातावरणांच्या वर जाऊ शकतो. शिसे नखाने ओरखडता येईल इतके मऊ. एवढ्या दाबाखाली ते नळीतल्या सर्पिल खाचांत आणि यंत्रकामातून राहिलेल्या बारीक ओरखड्यांत दाबून भरले जाते. म्हणजे हे रासायनिक बंधन नव्हे, तर खाचेत रुतून बसणे आहे. गोळीवर मेणाचा वा चरबीचा लेप असतो तो यासाठीच. लेप कमी पडला, किंवा गोळी नळीच्या मापाला किंचित बारीक असली, तर तापलेला वायू फटीतून पुढे निसटतो, कडेचे शिसे खरवडून-वितळवून नळीवर फवारतो. एकदा थर बसला की पुढची गोळी शिशावरून घासत जाते आणि शिशाला शिसे मात्र चटकन धरते. म्हणून हा मळ वाढत जातो.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक अडचण. काडतूस फिरत्या सिलिंडरमध्ये असते, नळी वेगळी, मध्ये बारीक फट. गोळीला फट ओलांडून नळीच्या निमुळत्या तोंडात शिरावे लागते. सिलिंडरचे भोक नळीच्या अगदी समोर आले नाही तर गोळीची एक कड तासली जाते. त्यामुळे सर्वांत जाड थर इथेच, नळीच्या मागच्या टोकाला सापडतो. थर वाढला की नेम बिघडतो. शिवाय त्याखाली ओल अडकून पोलाद गंजते, ते पावसाळ्यात विशेष.

आता तो काढायचा कसा? नुसत्या तेलाने शिसे विरघळत नाही. तेल फटीत शिरते आणि थर सुटायला मदत करते, इतकेच. पण शिसे नुसते रुतलेले आहे हे कळल्यावर उत्तर सोपे आहे: ते उचकटायचे. त्यासाठी शिशाहून कठीण पण पोलादाहून मऊ असे काही हवे. मोह्जच्या मापावर शिसे सुमारे १.५ आणि तांबे ३. नळीचे पोलाद त्याहून बरेच कठीण. म्हणून काशाच्या तारांचा ब्रश, किंवा ब्रशवर गुंडाळलेली तांब्याची जाळी. पोलादी तारेने घासले तर शिसे निघेल, पण नवे ओरखडे पडतील आणि पुढचे शिसे बसायला जागा तयार होईल. रिव्हॉल्व्हरच्या नळीमागे सांगाडा आडवा येत असल्याने सळई बहुधा तोंडाकडून घालावी लागते. तिथली कड झिजली तर नेम कायमचा जातो, म्हणून हात सावकाश चालवावा.

चाकणच्या डाय-कास्टिंग कारखान्यांत साच्याला ॲल्युमिनिअम चिकटते ते प्रकरण वेगळे. ॲल्युमिनिअम लोखंडाशी खरोखर संयुगे बनवते, त्यामुळे ते निघताना साच्याचा थर घेऊन निघते. शिशाच्या बाबतीत आपण त्या मानाने भाग्यवान आहोत.

पण घासायचा कंटाळा येतो आणि माणूस रसायनाकडे वळतो. पूर्वी नळीत पारा घालून हलवत. पाऱ्यात शिसे विरघळते, लोखंड नाही. पारा लोखंडी बाटल्यांतून विकला जाई तो त्याच गुणामुळे. युक्ती चतुर खरी, पण पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला घातक.

दुसरी युक्ती अजून चालते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण नळीत भरायचे. नुसत्या व्हिनेगरचे शिशावर फारसे चालत नाही. पेरॉक्साइड शिशाचे ऑक्सिडीकरण करते आणि मग आम्ल आपले काम करते:

शिसे + हायड्रोजन पेरॉक्साइड + ॲसेटिक आम्ल → लेड ॲसेटेट + पाणी

काही मिनिटांत नळी चकचकीत होते. फार वेळ ठेवले तर पोलादही खाल्ले जाते आणि त्यावरचा निळसर काळा संरक्षक थर उतरतो. पण आमचा मुख्य आक्षेप तो नाही. हाती उरलेल्या पातेलीभर द्रवात आता विद्राव्य शिसे आहे. लेड ॲसेटेट चवीला गोड लागते, म्हणून त्याला 'शिशाची साखर' म्हणत. धातूचा तुकडा हातावरून झटकता येतो. हा द्रव शिंतोड्यांनी हातावर, तिथून तोंडात जातो आणि मोरीत ओतला तर नाल्यातून पवनेत. पोटात गेलेल्या विद्राव्य शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. हाडांत साठलेले शिसे तिथे वर्षानुवर्षे राहते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठी संदर्भपातळी १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. एका गोळीचे शिसे २.६ ग्रॅम, म्हणजे २६ लाख मायक्रोग्रॅम. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

घासून काढण्यातही धोका नाही असे नाही. ब्रशमधून शिशाची भुकटी उडते. शिवाय काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकात बहुधा लेड स्टिफनेट असते, त्याची काजळी नळीत असतेच. म्हणून ब्रश कोरडा न वापरता तेलात भिजवून फिरवावा. काम उघड्या हवेत, हातमोजे घालून करावे. काम चालू असताना चहा-बिस्किटे नकोत. एनसीसीत पुल-थ्रूला लावलेली चिंधी काळी होऊन बाहेर येते, तिचे पोरांना भारी कौतुक. ती खिशात जाऊ देऊ नये. झाकणाच्या डब्यात टाकावी आणि डबा भरला की अधिकृत शिसे-पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. हात साबणाने धुवावेत, आणि त्या दिवशीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.