‘पाहिजे’ची कुळकथा

जिवतीच्या डोंगरावरील बाजारात आपण घटकाभर उभे राहा. गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि दोन-तीन तऱ्हांची मराठी कानांवर पडेल. यात नवल नाही. राजुऱ्याचा हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडात गेला आणि 1959 साली चांदा जिल्ह्यात आला. मराठवाड्याकडून येऊन वसलेला शेतकरी दुकानात म्हणतो, ‘मीठ पायजे.’ चांद्याकडचा म्हणतो, ‘मीठ होना.’ तेलुगू गिऱ्हाईक म्हणते, ‘उप्पु कावाली.’ मीठ तिघांनाही सारखेच मिळते. शाळेत मात्र तसे होत नाही. ‘मले पाटी होना’ म्हटले, की वर्ग हसतो आणि पोर पुन्हा काही मागत नाही.

तर हा शुद्ध ‘पाहिजे’ आहे तरी कोण? तो ‘पाहणे’चा मुलगा. संस्कृतातील ‘क्रियते’, ‘दृश्यते’ यांतला कर्मणी ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला आणि जुन्या मराठीत ‘इज’. कीजे म्हणजे केले जाते, जाणिजे म्हणजे जाणले जाते. ज्ञानेश्वरीत अशी रूपे पदोपदी भेटतात. आता मी ‘म्हणजे’ लिहिले ना, तेही त्यातलेच : म्हणिजे, म्हटले जाते! बाकीची भावंडे बोलण्यातून गेली, ही दोन राहिली.

पाहिजे म्हणजे ‘पाहिले जाते’. पण पाहणे केवळ डोळ्यांचे नव्हे. आपण मुलीला स्थळ पाहतो, नोकरी पाहतो, म्हणजे शोधतो. जे शोधले जाते ते हवे असते. म्हणून तर ‘मला आंबे पाहिजेत’ यात क्रियापद आंब्यांमागे जाते, माझ्यामागे नाही. आणि त्याला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘होते’ उसने घ्यावे लागते.

हिंदीतल्या ‘चाहिए’चीही ठेवण हीच, कर्मणी.

‘होना’ची वाट निराळी. मूळ धातू ‘होणे’. मला अमुक व्हावे, अशी ती मागणी. तेलुगूचे ‘कावाली’ही ‘होणे’ या अर्थाच्या धातूपासूनच निघाले आहे. कोणी कोणाचे उचलले, या वादात मी पडत नाही. पण पाटी मागणाऱ्या त्या पोराचे व्याकरण चुकले नव्हते. ‘पाहिजे’ त्याला जरूर शिकवावे, पाटी आधी द्यावी.