नोंद झाली की नाही?

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा होतो, पोती गाडीत चढतात आणि पेढीवरचा संगणक विक्रीचे बिल जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलकडे पाठवतो. पोर्टलचे उत्तर येण्याआधीच इंटरनेट गेले, तर त्या बिलाची नोंद झाली की नाही? ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांच्या वर गेली आहे, अशा बहुतेक व्यापाऱ्यांना नोंदणीकृत खरेदीदाराला दिलेले करपात्र बिल 1 ऑगस्ट 2023 पासून या पोर्टलवर नोंदवावेच लागते. हे काम एपीआयमार्फत चालते. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे ठरलेल्या साच्यात मागणी करण्याची सोय. बाजारभाव विचारणारी मागणी चुकून दोनदा गेली तरी काही बिघडत नाही. बिल तयार करणारी मागणी दोनदा गेली, तर एकाच मालाची दोन बिले उभी राहू शकतात. म्हणून नोंद तयार करणाऱ्या एपीआयची माहितीपुस्तिका त्याच्या कोडइतकीच काटेकोर असली पाहिजे, आणि मागणी फसल्यावर काय होते हे ती किती स्पष्ट सांगते यावरच तिची प्रत जोखली पाहिजे.

वरच्या प्रश्नाचे उत्तर जीएसटीच्या रचनेत आहे, आणि ते मोठे सुबक आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चार गोष्टींवर गणिती प्रक्रिया करून 64 अक्षरांचा एक क्रमांक तयार होतो. त्याला आयआरएन म्हणतात. त्याच चार गोष्टी पुन्हा दिल्या की तोच आयआरएन निघतो. म्हणजे इंटरनेट परत आल्यावर बिल जसेच्या तसे पुन्हा पाठवले, तरी दुसरी नोंद होत नाही. पोर्टल 2150 क्रमांकाची त्रुटी कळवते आणि आधीच्या नोंदीचा तपशीलही सोबत देते. दिसायला ही त्रुटी असली, तरी तिचा अर्थ ‘तुमचे बिल पहिल्याच वेळी नोंदले गेले आहे’ असा होतो. हा अर्थ पुस्तिकेत लिहिलेला नसेल किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने वाचलेला नसेल, तर पडद्यावर फक्त लाल अक्षरे उमटतात. मग पेढीवरचा दिवाणजी बिल क्रमांक बदलून पुन्हा पाठवतो, आणि जी चूक आयआरएनच्या गणिताने अशक्य केली होती ती माणसाच्या हातून घडते. दुसरे बिल पोर्टलवर रद्द करायला 24 तास मिळतात. पुढे क्रेडिट नोट काढून हिशेब सरळ करावा लागतो.

नमुन्याची एक मागणी छापली की प्रोग्रामरला पुरे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण नमुना नेहमी यशाचा असतो. जीएसटीत मालाचा प्रकार ओळखण्यासाठी असलेला एचएसएन संकेतांक हळदीसाठी 0910 ने सुरू होतो, तासगावच्या बेदाण्याचा 0806 ने आणि महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरीचा 0810 ने. हा रकाना मजकुराचा आहे, अंकाचा नाही, एवढे एक वाक्य नसेल तर एखादे सॉफ्टवेअर त्याला संख्या समजते आणि सुरुवातीचे शून्य गळते. यंत्रांच्या सुट्या भागांचे संकेतांक बहुधा 84 किंवा 87 ने सुरू होतात. तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या बिलांवर चाचणी घेतलेले सॉफ्टवेअर निर्धास्त चालेल आणि सांगलीच्या हळदीपाशी अडेल. एककाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे यंत्र अडतही नाही. क्विंटल आणि पोते, दोन्हींचे संकेत यादीत आहेत. 40 क्विंटलच्या जागी 40 पोती लिहिली आणि रक्कम जुळली, तर पोर्टलला ते बिल बरोबरच वाटणार. कोणता रकाना कशासाठी आहे हे माणसाने माणसाला शब्दांत सांगण्यावाचून इथे गत्यंतर नाही.

नोंद ‘झाली’ म्हणजे नेमके काय, हेही प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे असते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत व्यवसाय-सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या एपीआयने विक्रीचे बिल तयार केले आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ते मसुदा म्हणून राहते. ते सादर होईपर्यंत खतावणीत एक पैसाही चढत नाही. ही रचना उत्तम आहे, कारण माणसाला तपासायला वाव मिळतो. पण एपीआयकडून आलेला यशाचा संदेश म्हणजे हिशेब पूर्ण झाला, असे जो समजेल त्याची येणे-बाकी महिनाअखेरीस जुळणार नाही.

हे सगळे सॉफ्टवेअरवाल्याने पाहावे, अडत्याला त्याचे काय, हा आक्षेप व्यवहारी वाटतो खरा. मात्र चुकीच्या बिलाचा जाब सॉफ्टवेअरवाल्याला नव्हे, विक्रेत्याला विचारला जातो. म्हणून त्रुटींचा अर्थ आणि पुढची कृती पेढीवर बसणाऱ्याला समजेल अशा मराठीत असायला हवी. आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड वाचून सगळे समजून घेईल, हा दुसरा आक्षेप तर माझ्या मते उलट्या बाजूचा पुरावा आहे. अशा प्रणालीला साधन वापरायला देताना त्याचे वर्णन शब्दांतच द्यावे लागते, आणि बव्हंशी ते वाचूनच कोणते साधन कधी चालवायचे हे ती ठरवते. अनुभवी दिवाणजी शंका आली तर फोन करून विचारतो. वर्णनात ‘पुन्हा पाठवण्याआधी आधीची नोंद तपासा’ असे नसेल, तर ही प्रणाली बिनदिक्कत पुन्हा पाठवू शकते.

पुस्तिका लिहिली तरी ती शिळी होते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मान्य करून काम करावे लागेल. 1 जून 2025 पासून पोर्टल बिल क्रमांकातली लहान इंग्रजी अक्षरे मोठी करून मगच आयआरएन काढते. त्याआधी लहान आणि मोठ्या अक्षरांतले दोन क्रमांक वेगळे धरले जाण्याची शक्यता होती. आता ते एकच ठरतात. आपल्या पेढीचे सॉफ्टवेअर हा फरक जाणते का आणि त्याच्या पुस्तिकेत ही तारीख आहे का, हे सांगली-साताऱ्यातल्या व्यापाऱ्याने देखभालीचा करार नव्याने करताना विचारून घ्यावे.